गवतावरचा ट्राउट

८ नोव्हेंबर २०२४, अल हिलाल

स्वप्ना येऊन गेली. स्पीच थेरपिस्ट, मूळची साताऱ्याची, तोंडाने फटकळ. "काकी, काकांना प्रश्न विचारला की उत्तर तुम्ही देता. मग ते कशाला बोलतील?"

त्यांना वेळ लागतो, म्हटलं.

"लागू दे की."

अर्धांगाच्या झटक्यात अश्फाकचा उजवा हात गेला. पाय सुधारला. शब्द आत आहेत म्हणे. हलते ती फक्त मान — हो किंवा नाही.

११ नोव्हेंबर

कपाटावरून त्यांचा फ्लाय रॉड, मासे धरायची लांब लवचिक काठी, काढला. इथल्या आखातातल्या नोकरीतून दर रजेत आठवडाभर काश्मीर — डोंगरातल्या तळ्यांवर ट्राउट मासे धरायचे आणि परत पाण्यात सोडायचे. रत्नागिरीला माहेरी हे सांगायची सोय नव्हती. सोडायचे तर धरायचे कशाला?

म्हटलं, मला शिकवा. मे महिन्यात काश्मीरला मी जाणार. मान — नाही. मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

१५ नोव्हेंबर

पार्कात. गळाच्या जागी लाल लोकरीचा गोंडा. दोरी मागे न्यायची, हवेत सरळ होऊ द्यायची, मग पुढे. मला धीर नाही. गोंडा माझ्याच ओढणीत अडकला. अश्फाकनी खुर्चीत डोळे मिटले.

"थांब," म्हणाले. एक शब्द.

२२ नोव्हेंबर

वारा. आजही "थांब" एवढंच.

२९ नोव्हेंबर

लेक आली, सुमैया. तिलाच मासा केलं — गोंडा मुठीत धरून ती गवतावर पळत सुटली. हाताला ओढ लागली आणि मला माहेरची खाडी आठवली. लहानपणी गरी टाकून बसायचो. ओढ लागली की हिसका, मासा थेट बांधावर. दिला हिसका. दोरीच्या टोकाची बारीक नायलॉनची तंगूस तुटली.

"अम्मी, रिलॅक्स!"

आणि खुर्चीतून — "खेचू नको गो. खाडीतला शिंगाला नाय तो... ट्राउट हाय. पळू दे. दमला का... येल."

अडखळत, पण सगळं. सुमैया जागच्या जागी उभी. मी वळले नाही. "बरं," म्हटलं आणि नवी तंगूस बांधायला घेतली. गाठ बसेना.

१३ डिसेंबर

रोज बोलणी खाते. "हात हाय का मुसळ?" स्वप्ना खूश.

खरं म्हणजे मला जमायला लागलंय. ते संध्याकाळी मगरिबच्या नमाजाला मशिदीत गेले की गोंडा हवा तिथे पडतो, अलगद. परत आले की मी मुद्दाम हिसका देते.

३ जानेवारी २०२५

हिसका दिला. रागावले नाहीत. रॉड मागून घेतला, डाव्या हाताने दोरी टाकली. वाकडी गेली, पण गेली.

"तुला कवाच जमलाय. मेची तिकिटा दोन काढ."

मग इतके दिवस ओरडत का होतात?

"तुला बरा वाटत होता."