घरटी एक माणूस

८ नोव्हेंबर १९७१

एकदाचा शिरसदऱ्याला पोचलो. एसटीने फाट्यावर उतरवलं, तिथून ट्रंक खांद्यावर टाकून चालत आलो. केडगावहून निघताना चांगुणा रडली, सासूबाई रडल्या, आणि आमची दीड महिन्याची ठकी मात्र ढाराढूर झोपलेली. बाप परगावी निघालाय याचं तिला काही सोयरसुतक नाही!

काम मोठं मजेचं आहे. शिरसदरे आणि भोवतालच्या वाड्या मिळून पूर्वी एक गट ग्रामपंचायत होती. ती मोडून ही गावं शेजारच्या पंचायतीला जोडली. आता तालुक्याची स्मरणिका निघणार आहे आणि तीत या मोडलेल्या पंचायतीचा इतिहास मी लिहायचा. साध्या ग्रामसेवकाला लेखक होण्याचं भाग्य एरवी कोण देतं? सगळे म्हणतात आडगावी बदली झाली, मी बढती म्हणतो.

राहायला पंचायतीचं जुनं ऑफिसच मिळालंय. खोली, पुढे लांबलचक ओटा, ओट्यापुढे पटांगण. वरच्या आळीतली बरीच माणसं दिवाळी होताच श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला गेलीत. माझी खोली खालच्या आळीत. इथलीही सगळी तिकडेच गेली असावीत; घरांना कुलपंसुद्धा नाहीत, नुसती दारं ओढून घेतलेली. म्हटलं बरं झालं, शेजाऱ्यांची कटकट नाही.

९ नोव्हेंबर

चांगुणाला पत्र टाकलं. जागा ऐसपैस आहे, हवा कोरडी, ठकीला मानवेल. तुझ्या भावाला घेऊन एकवीस तारखेच्या रविवारी ये. तोवर भिंती सारवून घेईन.

वरच्या आळीतल्या दगडाबाई भाकरी घेऊन आल्या. सत्तरीच्या आहेत, पण आवाज असा की पलीकडच्या वाडीला ऐकू जावा. मी चुलीसाठी विटा मांडतोय हे बघून त्यांचा चेहराच पडला. म्हणाल्या, जेवायला रोज माझ्याकडं या, पर खालच्या आळीत चूल पेटवू नका. इथं चूल पेटली की ते घर धरलं जातं. मी विचारलं, कोण धरतं? त्या पाटी उचलून चालत्या झाल्या.

आता बायको आल्यावर मी काय दुसऱ्यांच्या घरी जेवत राहू? संध्याकाळी चूल पेटवली आणि झकास पिठलं केलं.

११ नोव्हेंबर

इतिहास मिळेना. पंचायत कधी झाली ते सगळे हौसेने सांगतात. का मोडली म्हटलं की कुणाला बैल आठवतो, कुणाला शेरडं. शेवटी कोतवाल सहादेव बोलला. पटकीच्या साली खालच्या आळीच्या विहिरीचं पाणी नासलं होतं. विहीर बंद करायची की नाही हे ठरवायला सरपंचाने दवंडी दिली: घरटी एक माणूस, सभा सुटल्याबिगर कुनी उठायचं न्हाई. खालची आळी सगळी येऊन बसली, पण तालुक्याहून यायचे ते साहेब आलेच नाहीत. दवंडीचा शब्द मोडायचा नाही म्हणून माणसं तिथेच बसून राहिली. तहान लागली की त्याच विहिरीचं पाणी पीत राहिली. सगळी आळी पटकीने संपली, सरपंचही त्यातच गेला. सभा सुटली नाही ती नाहीच, आणि पुढे पंचायतच मोडली.

बिचारी माणसं.

१२ नोव्हेंबर

मला सुचलं की गावसभाच बोलवावी. चार माणसं एकत्र बसली की एकाला आठवलं नाही ते दुसऱ्याला आठवेल. सहादेवला म्हटलं, दवंडी दे, नेहमीसारखी. त्याने वरच्या आळीत दिली आणि देवळापाशी थांबला. खाली येईना. आमी खाली दवंडी देत न्हाई सायेब, एवढंच म्हणाला. मला राग आला. अंधश्रद्धेपायी काम अडवायचं म्हणजे काय! त्याच्या हातातली हलगी घेतली आणि मीच खालच्या आळीतून वाजवत फिरलो. घरटी एक माणूस, रविवारी दुपारी, सभा सुटेपर्यंत कुणी उठायचं नाही! बंद दारांपुढे ओरडताना माझं मलाच हसू येत होतं.

१४ नोव्हेंबर

दुपारी पटांगण भरलं. मला आधी आनंदच झाला. वरच्या आळीतले कुणी दिसेनात, वाटलं आसपासच्या वाड्यांवरचे असतील. धोतरं, मळके रुमाल, बायांनी पदर पुढे ओढलेले. सगळे सारखे ओठांवरून जीभ फिरवत होते.

टिपणं घ्यायला ही वही मांडीवर घेऊन मी ओट्यावर बसलो आणि भाषण सुरू केलं. तेवढ्यात पुढच्या म्हाताऱ्याने विचारलं, सायेब, इहिरीचं काय ठरलं?

तेव्हा मला समजलं ही माणसं कोण ते.

उठून पळायला गेलो. कमरेखाली काही हललंच नाही. बसलो तो बसलोच. ऊन उतरलं तरी ती माणसं तिथेच, आणि मी इथेच. पाठीमागे खोलीत माझ्या चुलीतली राख. माझं घर धरलं गेलंय. माझ्या घरचा एक माणूस मीच.

१५ नोव्हेंबर

सकाळी मोठ्याने सांगितलं, विहीर बंद, सभा बरखास्त. कुणी हललं नाही. म्हातारा म्हणाला, सरपंचानं सांगाया पायजे. मी म्हटलं, सरपंच नाही, पंचायत नाही, सगळं मोडलं. तो म्हणाला, व्हय ना. मंग सोडनार कोन?

सरकारने पंचायत मोडली, पण बसलेली सभा मोडायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आता ती मोडण्याचा अधिकार असलेला माणूस जगात उरलेला नाही. मी तर नुसता ग्रामसेवक.

दगडाबाई पटांगणाच्या कडेला भाकरी ठेवून रडत उभ्या होत्या. पुढे येऊ नका म्हणून मीच ओरडलो.

१६ नोव्हेंबर

भूक नाही. तहान भयंकर. सहादेवने लांबून काठीने घागर सरकवली. सगळी प्यायलो. काही उपयोग नाही.

म्हातारा आज आपण होऊन बोलला. उठायचं आसंल तर उठा की सायेब. घरचं दुसरं कुनी बसवा. घरटी एक मानूस लागतो, तुमीच पायजे आसं थोडंच हाय?

चांगुणा रविवारी येणार आहे. ठकीला घेऊन.

नाही. मी इथेच सुकून मरेन, पण ते नाही. सहादेवला तालुक्याला पिटाळलं तार करायला. येऊ नकोस, काही झालं तरी येऊ नकोस. त्याने तीनदा घोकून घेतलं.

१७ नोव्हेंबर

तार गेली. सहादेवने लांबूनच हात वर करून खूण केली.

सुटलो. म्हणजे मी नाही, त्या दोघी. रात्रभर रडत होतो तो आनंदानेच, असं स्वतःला सांगतोय. ठकी हे नुसतं लाडाचं, बारसं व्हायचंय अजून. नाव मी ठेवणार होतो.

बायांमधली एक माझ्याकडे बघून पदराआड हसली. का हसली—

१८, सकाळी

ते सरकतायत. ओट्यावर माझ्या शेजारी जे दोघं बसले होते ते सरकून बसले. जागा केली. कुणासाठी? तार गेली ना—

तार. आमच्याकडे तार आली की घरात रडारड सुरू होते. तार म्हणजे कुणीतरी गेलं. हे मला कसं सुचलं नाही? तार बघून चांगुणा घरी थांबेल का? रविवारपर्यंत तरी थांबेल का?

सहादेव आज इकडे फिरकलेला नाही. वाटेवर कुणी नाही.

१८, दुपार

देवळाच्या वळणावर निळं लुगडं. कडेवर ठकी. भाऊ मागे राहिलाय, पिशव्या घेऊन.

ओरडलो. मागे फीर, येऊ नकोस, माझी शपथ आहे. माझा आवाज ऐकून ती धावतच सुटली. तिला वाटलं मी आजारी. देवा, ओरडलो नसतो तर—

तिला ही माणसं दिसत नाहीत. त्यांच्यामधून येतेय. ते वाट देतायत.

म्हणतेय काय झालं तुम्हाला, किती वाळलात. मी म्हणतोय बसू नको, बसू नको गं, उभी राहा. ती म्हणतेय ताप आहे का बघू—

बसली. कपाळाला हात लावायला शेजारी बसली.

माझे पाय हलले.

उभा आहे. मी उभा आहे. चांगुणा, ऊठ. हात धरून ओढतोय, उठत नाही. हसत म्हणतेय पाय का जड झाले हो, चालून आले म्हणून असेल. म्हणतेय आधी जरा पाणी द्या, घसा फार—