डॉली कोण होती

अँब्रोझ,

तू आता राजकवी. 'प्रिय' लिहायला हवं, पण आज लिहवत नाही.

तू संपादित केलेला अनामिक कवींचा संग्रह प्रेस्टनच्या वाचनालयात आला. त्यात 'फिर गं डॉली, नाच गं डॉली' आहे. खाली तुझी टीप: 'कवी अज्ञात, बहुधा खलाशी. डॉली ही त्याची प्रेयसी असावी.'

शेजारच्या अ‍ॅग्नेसने ती मोठ्याने वाचली. म्हणाली, "विनी, ही प्रेयसी माझ्या आईकडेही होती गं. लाकडी, पाच पायांची. टबातले कपडे घुसळायची." सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन रडले.

आई लोकांची धुणी धुताना ते गाणं रचत म्हणायची, तेव्हा तू शेजारी धुण्याच्या टोपलीत बसून ऐकायचास. डॉली म्हणजे धुण्याचा दांडा, हे तुला चांगलं ठाऊक आहे. तुला लाज वाटली ती धोबिणीचा मुलगा म्हणवून घ्यायची. माझ्या कॉन्व्हेंट शाळेत खोटं बोललं की सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. तुलाही तिथेच घालायला हवं होतं.

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण तुझी पत्रं सेक्रेटरी उघडते, आणि हे तिने वाचायचं नाही. त्याऐवजी आईचा दांडाच पाठवतेय. धुणीघरात अदलाबदल होऊ नये म्हणून तिने त्यावर स्वतःचं नाव कोरलं होतं: हॅना एन्टविसल. अक्षरं अजून स्पष्ट आहेत. पुढच्या आवृत्तीत तेवढी उतरवून घे.

धोबिणीची मुलगी,
विनिफ्रेड