अडुळशाचं पुडकं

प्रिय राजसी,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र पार्सलातच ठेवलंय. आधी हे वाच, मग पुडकं उघड. आत्याचा हुकूम समज.

आपल्याला पाला आणून देणारी पालेगावची भागीरथी गेल्या महिन्यात येऊन गेली. तिच्या शेताला लागून मोठी इमारत उभी राहतेय, त्यात अडुळशाच्या कुंपणाची सगळी वई गेली. पण बाई वस्ताद. आधीच फांद्या छाटून आणल्या आणि माझ्या गॅलरीत तेलाच्या रिकाम्या डब्यांत रोवून गेली. सगळ्यांना पालवी फुटलीय, एक तेवढी रुसून बसलीय. समोरच्या सोनियाने विचारलं, शोभेचं झाड आहे का? म्हटलं, शेळीसुद्धा याला तोंड लावत नाही, फक्त आमची राजसी याच्या मागे लागलीय.

क्षयाच्या जंतूंवर तपासायला तू पहिल्यांदा पाला मागवलास, ते आठवतं? भागीरथी म्हणाली, "लेकीला नुसता पाला कोन धाडतं? तिकडं तिला उकळून कोन देनार?" मलाही पटलं. मग आम्ही दोघींनी सुंठ, ज्येष्ठमध आणि सढळ हाताने गूळ घालून काढा आटवला आणि बरणी तुझ्या पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. जंतूंचं काय झालं देव जाणे, तुझ्या सरांचा खोकला मात्र थांबला. अजून आठवलं की मी एकटीच हसते.

पुढे माझंच निदान झालं आणि हसू मावळलं. क्षय, आणि तोही नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. तेव्हा तू केवढी रागावली होतीस. म्हणालीस, काढ्यावर भागवायचं नाही, झाडातलं औषध अजून माझ्या काचेच्या नळीत आहे, तू डॉक्टरांच्या गोळ्या घ्यायच्या. मी निमूट ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं ऐकलं असेल, विचार तुझ्या बाबांना.

आणि रविवारी तू म्हणालीस, काढ्यानंतर पाठवलेला साधा पालाही हरला, नळीतले जंतू मजेत आहेत, आता हे काम सोडून कंपनीत नोकरी धरते. तुझा आवाज किती दमलेला होता. फार वाईट वाटलं, पोरी.

आज सकाळी माझा शेवटचा रिपोर्ट आला. मी बरी झाले, राजसी. रिक्षा न करता चालत घरी आले, न थांबता जिने चढले आणि भागीरथीला फोन लावला. ती आधी रडली, मग पेढ्यांची आठवण करून दिली. डॉक्टर म्हणाले, ही नवी गोळी काही वर्षांपूर्वी मिळालीच नसती. ती झाडातून आली की आणखी कशातून, मला ठाऊक नाही. पण ती शोधणाऱ्या कुणीतरी अशाच एखाद्या रविवारी आपल्या आत्याला फोन करून सांगितलं असेल, की आता सोडते. तिने सोडलं नाही, म्हणून आज मी जिने चढले. तुला नोकरी धरायची तर खुशाल धर, मी रागावणार नाही. पण आधी पुडकं उघड. अडुळशाचं म्हणून वर लिहिलंय ते सवयीने. आत भागीरथीने वांगणीच्या रानातून आणलेला, तू अजून न तपासलेल्या कुड्याचा पाला आहे, सावलीत वाळवलेला, न उकळलेला, फुलांसकट. या वेळी गूळ घातलेला नाही.

तुझीच,
मालूआत्या