परवा म्हणजे कधीचा?

३ फेब्रु.
चाललं बावा! माझा प्रोग्राम फोनवर चालला. एकच बटण, दाबलं की ‘राम राम’ उमटतं. बायकोला, शैलाला, हाक मारून दाखवलं. म्हणाली, तीस वर्षं तुम्ही हेच तर करत होते, बटण दाबायचं आणि काहीतरी उमटवायचं. तिला काय सांगू. नोकरीभर बेसिक नावाच्या ज्या कॉम्प्युटरच्या भाषेत कारखान्यांचे पगार काढले, त्याच बेसिकमध्ये मोबाईलचं ॲप लिहिता येतं, हे मला रिटायर होऊन वाशीमला आल्यावर कळलं. नवीन भाषा शिकायची कटकट नाही. ऑफिसातली पोरं म्हणायची, काका, तुमचं बेसिक मेलं. मेलं कुठे! माझ्यासोबत गावाकडे आलं.

५ फेब्रु.
परवाची मस्ती उतरली. फोन आडवा केला की लिहिलेलं सगळं पुसून जातं. का, ते समजायला सकाळ गेली. पडदा इतका बारका की मराठी वाक्य मावतच नाही, शेपूट कापलं जातं. ‘आहे’चा ‘आ’ दिसतो, ‘हे’ गायब. आणि माझं बोट जाड. भाषा तीच आहे, पण घर परक्याचं. शै. म्हणते, चिडता कायले, शिकून राह्यले ना?

८ फेब्रु.
आसेगावला अक्काकडे. थोरली बहीण, दाजी गेल्यापासून भाजीपाल्याचं वावर एकटीच पाहते. विहीर सामाईक, भावकीतली चार घरं, एकेक दिवस पाण्याची पाळी. विजेची लाईन गेली की पाळी पुढे सरकते, मग कोणाची कधी यावरून रोज तोंडातोंडी. अक्काचा धाकटा दीर वसंता, त्याचं घर भिंतीला भिंत लागून, पण दोघांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद. कारण हेच पाणी. तिथंच डोक्यात आलं. ॲप याचंच करायचं. लाईन गेली की एकानं बटण दाबायचं, सगळ्यांच्या पाळ्या आपोआप सरकतील.

१२ फेब्रु.
चारही घरांच्या फोनवर चढवलं. हिशेब चोख. वसंतानं स्वतः चहा पाजला आणि वहिनीलाही, म्हणजे अक्काला, कप पाठवा म्हणाला. अक्का चहा घेऊन माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी पाणी आलेलं दिसलं. मला लय बरं वाटलं. इतकी वर्षं पगार काढले, कोणाचं भांडण मिटलं नव्हतं.

१४ फेब्रु.
हसू की रडू. आज ॲपनं वसंताच्या घरी घंटी वाजवून सांगितलं, ‘उद्या तुमची पाळी आहे.’ वसंताच्या बायकोनं, सुनंदानं, सासऱ्यासमोर वाचलं आणि फोन पालथा घातला. बाकी घरच्या सुना पदर तोंडाला लावून हसून राह्यल्या म्हणे. वसंताचा फोन: भाऊ, तेवढा शब्द काढा, बायामाणसं फोन हाती घेईनात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शै. तर खाली बसून हसली. साधी गोष्ट, एखाद्या बाईला आधी दाखवलं असतं तर.

१६ फेब्रु.
दुरुस्ती केली. ‘पाळी’ काढली, त्यासोबत ‘आहे’ पण काढलं. घंटीही बंद. आता पडद्यावर फक्त नाव, ‘पाणी’ आणि दिवस. अक्काच्या नावाचं असं दिसेल, ‘कुसुम – पाणी – परवा.’ काही कापलं जात नाही, नीटनेटकं दिसतं. शै. म्हणाली, कोणाला तरी आधी वाचायला द्या. मी म्हटलं, तीन शब्द आहेत, त्यात काय वाचायचं? सगळ्यांच्या फोनवर चढवून मोकळा झालो.

१७ फेब्रु.
अक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. कोण घेऊन आलं? वसंता. मोटरसायकलवर, पाठीमागे बसवून. शै. दारातच थबकली. अक्कानं परवाच मिरचीचं रोप लावलं, शेजारच्या पाळीतून उसनं पाणी घेऊन ओलं केलं. वसंता निघाला तेव्हा त्याला सांगितलं, माझ्या पाळीले मोटर तूच लावजो. तो म्हणाला, वहिनी, तुमी डोळा सांभाळा.

१८ फेब्रु.
ऑपरेशन ठीक. पट्टी. अक्का पडल्या पडल्या मिरचीचं बोलते.

२२ फेब्रु.
लिहवत नाही.
अक्काला काळा चष्मा लावून आसेगावला सोडायला गेलो. ती घरात न जाता सरळ वावरात. मिरचीचं रोप पार जळालेलं. तिला नीट दिसत नव्हतं, खाली बसून हातानं चाचपलं, आणि हातात आलं ते भुरभुर.
एकोणीसला अक्काचं पाणी होतं. मोटर लागलीच नाही. वसंता त्या दिवशी सोयऱ्याच्या लग्नाला गेला होता.
अक्का ओरडली. मी डोळ्याले पट्टी बांधून पडली अन् यानं माहं वावर वाळवलं, म्हणे. जुनं सगळं निघालं. भावकी गोळा झाली. वसंता फोन काढून म्हणाला, सतराले मी पाह्यलं, कुसुम, पाणी, परवा. पंधराले रोप लावलं तवा पाणी देलंच होतं, मले वाटलं तेच लिहेल आहे, झालं वहिनीचं पाणी. म्हणून लग्नाले गेलो.
फोन माझ्या हातात दिला. भाऊ, तुमीच सांगा.
मला त्या क्षणी कळलं. परवा. मागचाही परवा, पुढचाही परवा. ‘आहे’ होतं तोवर दिवस पुढचा होता. ‘आहे’ मी खोडलं.
आणि माझ्या तोंडून निघालं, “ॲप बरोबर आहे. परवा म्हणजे एकोणीसच.”
वसंता माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मंग माहीच चूक.”
अक्का त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणाली. मी फोन खाली ठेवला आणि काही बोललो नाही.

२३ फेब्रु.
जेवण गेलं नाही. शै.ला सांगितलं, ॲसिडिटी.
का बोललो तसं? सवय. तीस वर्षं कोणी तक्रार घेऊन आला की माझं पहिलं वाक्य हेच, प्रोग्राम बरोबर आहे. नंतर पाहायचं, चूक सापडली तर गुपचूप दुरुस्त करायची. ऑफिसात खपून गेलं. तिथं समोरचा माणूस उठून दुसऱ्या टेबलाकडे जायचा. वसंता कुठे जाणार? त्याला त्याच विहिरीवर यायचं आहे.
आणि ॲप बरोबर होतंच की. तारीख बरोबर, हिशेब बरोबर. हे लिहितानाही लाज वाटते.

२४ फेब्रु.
अक्काचा फोन. वसंतानं मोटरच्या खोलीची किल्ली तिच्या दाराला अडकवून ठेवली. तोंडानं काही नाही. सुनंदाकडून निरोप, यापुढे तुमचं तुमी पाहा. म्हणजे अक्का आता अर्ध्या डोळ्यानं विहिरीच्या काठावर मोटर लावायला जाणार. कठडा नाही त्या विहिरीला. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं आहे. मी म्हटलं, मजूर लाव. म्हणाली, मजूर माणसाले माही पाळी थोडीच ठाऊक राहते. फोन ठेवला, आणि मला त्या बिनकठड्याच्या विहिरीशिवाय काही सुचेना.

२५ फेब्रु.
शै.ला सांगितलं. सगळं. तिनं पोळी लाटणं थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, मला कायले सांगता, मी काय वसंता आहे का?
खरं आहे. तिला सांगणं सोपं होतं.

२६ फेब्रु.
शब्द बदलला. आता ‘परवा’ नाही, वार आणि तारीख, पुढे ‘पाणी मिळेल’. दोन ओळींत मावतं. आधीच दोन ओळी केल्या असत्या तर काय बिघडलं असतं? चारही फोनवर चढवलं, कोणाला काही न सांगता. घटकाभर हलकं वाटलं. वाटलं, पुढे तरी असं होणार नाही, ज्याचं त्याला समजेल. चहा घेतला. गोड लागला, म्हणजे मन किती निर्लज्ज पाहा.

२७ फेब्रु.
अक्का डोळा दाखवायला आली. एकटी, एसटीनं. दुपारी माझा फोन वाजला, वसंताचा आवाजी निरोप. चष्मा शोधत होतो, हात लागला आणि स्पीकरवरच सुरू झाला. अक्का समोर बसलेली.
“भाऊ, ॲप बरोबर होतं तं शब्द बदलला काहून? मी भांडून नाई राह्यलो. नुसतं विचारून राह्यलो.”
आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
अक्का म्हणाली, काय बदललं रे दिगू?
मी म्हटलं, काही नाही, किरकोळ. शै. स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती.  अक्काला अजून नीट दिसत नाही, पण मी तिच्याकडे पाहायचं टाळतो, हे तिला कळत असावं.

२८ फेब्रु.
सकाळी सांगितलं. ‘आहे’पासून सगळं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा हिशेब बरोबर होता वगैरे सुरू केलं असतं.
अक्कानं मिरचीचं एक अक्षर नाही काढलं. मला वाटलं होतं रडेल, शिव्या घालेल.
“तू तवाच काहून नाई बोलला?”
मी म्हटलं, सवय.
“तुई सवय. अन् मी त्याले लोकायसमोर चोर म्हतलं. दारात किल्ली लावून गेला तरी पोरगं उलटून बोललं नाई.” मग चष्मा काढून पुसला. “मी तं माफी मागाले जाऊन राह्यली. तू येतं का, का मी एकटीच जाऊ?”
येतो म्हटलं.
ती बाहेर पायरीवर बसली आहे, पिशवी मांडीवर. शै.नं तिला डबा दिला, मला दिला नाही. बसला अजून वेळ आहे. मी कपडे बदलायला म्हणून आत आलो आणि हे लिहीत बसलो. वसंताला काय म्हणायचं ते मनात जुळवून पाहतो आहे. चार लोक असतील, त्या दिवशी होते तेच, त्यांच्यासमोरच बोलायला हवं. पहिलं वाक्य काही केल्या बसत नाही. प्रत्येक वेळी सुरुवात ‘तसं पाहिलं तर ॲप’ अशीच होते.
अक्कानं दुसऱ्यांदा हाक मारली.