बाटलीतले भाऊबंद

कोलशेत,
१२ नोव्हेंबर १९८८

चि. दामाजीस थोरल्याचा आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तुम्हीही कळव्याला खुशाल असाल. नसलात तरी मला काय! पण तुझी वहिनी म्हणाली आशीर्वाद लिहा, म्हणून लिहिला.

खास काही नाही. आमच्या मंजुळेने कॉलेजासाठी बाटलीभर खाडीचं पाणी मागितलं. एवढी खाडी पडलीय, म्हटलं दोन ने. बाटल्या पोचवायला मीच गेलेलो, तर तिने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. आधी माझीच पापणी दिसली. मग दिसले, एकेका पेशीचे जीव, प्रत्येकाला एक शेपटी. आठ-दहा जण पाठीला पाठ लावून चिकटलेले. मी म्हटलं, यांचीपण वाटणी झालेली दिसते. पोरगी हसत सुटली.

तिचं म्हणणं, एकाचे दोन होतात, दोनाचे चार, पण हे एकमेकांना सोडत नाहीत. एकट्याने शेपटी हलवली तर जेमतेम घोटभर पाणी हलतं. सगळ्यांनी मिळून हलवली की चहूकडून पाणी ओढलं जातं आणि प्रत्येकाला जास्त खायला मिळतं. तिच्या सरांचा अंदाज असा, की फार फार वर्षांपूर्वी असेच कोणीतरी सुटायचे राहिले, म्हणून पुढे मासे झाले, माणसं झाली.

"बाबा, त्यांना डोकं नाही तरी कळतं," ती म्हणाली.

मला राग आला. आपण डोलीचं जाळं, ती लांबलचक पिशवी, मधोमध कापून वाटून घेतलं, हे तिला ठाऊक आहे. थोरला म्हणून तोंडाकडचं मी घेतलं, शेपटाकडचं तू. सहा महिने झाले, भरतीबरोबर मासे माझ्या जाळ्यात शिरतात आणि मागून निघून जातात. तुझ्या शेपटाचं तोंड टोपलीएवढं, त्यात शिरतंय कोण? गाव हसतं. तुझी वहिनी बाजारातून बोंबील विकत आणते, कोळ्याच्या घरात!

आणि भांडण कशावरून, तर शेपटाची गाठ बांधायची राहिली, सगळी कोलंबी वाहून गेली आणि मी चारचौघांत तुला आळशी म्हणालो.

ती गाठ त्या दिवशी मी बांधायची होती. तू तोंडाकडे होतास. हे मला घरी पोचायच्या आतच आठवलेलं. तेव्हा बोललो नाही, माझी चूक झाली.

रविवारी ये, शेपूट घेऊन ये. जाळं शिवायला बसू. माझं तोंड बघायचं नसेल तर पाठीला पाठ लावून बस, पण ये.

गाठ विसरलेला तुझा दादा,
परशुराम