वाचल्याशिवाय अंगठा नाही

आई, तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेले नाही. घरात आलेला प्रत्येक कागद मीच तुला वाचून दाखवायचे, तसा हाही दाखवला असता. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. आज मी सव्वीस वर्षांची आहे आणि तुझ्यासमोर बसून हा कागद वाचायची माझी हिंमत झाली नसती, म्हणून लिहिते आहे. बाबा आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायला नवीन पनवेलला गेलेत. ते येईपर्यंत मला वेळ आहे. उद्या अकरा वाजता वकीलबाईंकडे एका शपथपत्रावर मी सही करायची आहे आणि बाबांनी अंगठा द्यायचा आहे. त्यात एक वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे फक्त मला आणि बाबांना माहीत आहे, आणि ते काढलं तर विचुंब्यातलं आपलं हे घर बहुधा हातातून जाईल.

मी चौथीत होते तो दिवस तुला आठवत असेल. मी शाळेतून येते तर पडवीत एक साहेब बसलेले, नळजोडणीचा कागद घेऊन. बाबांच्या अंगठ्याला शाई लागलेली आहे आणि अंगठा तसाच हवेत धरलेला आहे, कारण तू आतून ओरडून सांगितलंस, "थांबा! पोरगी आल्याशिवाय टेकवू नका." साहेबांचा दुसरा चहा चालू होता. ते वैतागून म्हणाले, "अहो वहिनी, सरकारी कागद आहे, त्यात काय वाचायचंय?" तू म्हणालीस, "मग वाचला तर काय बिघडतंय?" मी दप्तर न काढताच तुझ्याजवळ चुलीपुढे बसून वाचायला लागले. तू तव्यावर भाकरी उलटत होतीस, माझ्याकडे बघतही नव्हतीस. एक लांबलचक शब्द आला, मला जमला नाही, मी पुढे सरकले. तुझा हात थांबला. "मधलं काय खाल्लंस?"

"काही नाही."

"खाल्लंस. श्वास बदलला तुझा. कळलं नाय तर कळलं नाय सांग गो. त्याची लाज नाय. गिळून टाकायची लाज वाटू दे."

मग साहेबांनाच उठून आत यावं लागलं, तो शब्द सांगायला. त्यानंतर बाबांनी अंगठा टेकवला आणि तू चिंधीला खोबरेल लावून त्यांच्या बोटाची शाई पुसलीस. घरात नियमच झाला. वाचल्याशिवाय अंगठा नाही. तू गेल्यावर बाबांनी तो माझ्याहून कडक पाळला. बँकेचा कागद, विजेचा कागद, एकदा तर लग्नाची पत्रिका. मी शिकायला जर्मनीत गेले तरी नियम गेला नाही. बाबा व्हिडिओ कॉल करतात, एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरतात, मी वाचते आणि सांगते. पान कधी उलटं असतं, कधी पानाऐवजी त्यांची बनियन दिसते. आता शाईही लागत नाही, काचेवर अंगठा ठेवतात. पुसायला काही उरत नाही.

तिथे मी कशी राहते ते तुला सांगायला हवं. तिकीट काढल्यावर तीनदा तपासते. खोलीच्या भाडेकराराची अकरा पानं मी शब्दकोश घेऊन दोन दिवस वाचली. खारघरच्या कॉलेजातल्या माझ्या दोन मैत्रिणी तिथेच दुसऱ्या शहरात शिकतात, रेल्वेने तीन तासांवर. त्या म्हणतात, ही बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचल्याशिवाय बिस्कीट खात नाही. वर्षभर त्या बोलवत होत्या आणि मी अभ्यासाचं कारण सांगत होते. शेवटी मे महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी गेले. सोबत सुकटीची चटणी नेली, ती उघडल्यावर त्यांनी आधी खिडक्या उघडल्या आणि मग सगळी संपवली. खूप हसलो आम्ही.

शनिवारी सकाळी तळ्यावर जायची बस नऊची की नऊ वीसची, यावरून त्यांचं भांडण चाललेलं. मी बूट घालत होते. बाबांचा कॉल आला. इथे साडेबारा वाजले असतील. मागे कुठल्याशा कचेरीतल्या खुर्च्या, गर्दी, कोणीतरी नंबर पुकारत होतं. गावातलाच एजंट, जो बाबांना काका म्हणतो, लांब खिडकीपाशी पाठमोरा उभा.

"बाय, मोजणीचा कागद हाय म्हणतात. सहा पानं हायत. दाखवू?"

दारातून मैत्रीण म्हणाली, "सरपंच मॅडम, ऑफिस बंद करा आता! बस गेली तर पुढची दीड तासाने आहे."

मी म्हणाले, "बाबा, मोजणीचंच आहे ना?"

"असं तो सांगतोय. पहिलं पान धरू?"

"राहू दे. द्या अंगठा. मी सोमवारी नीट बघते."

त्यांनी फोन चेहऱ्याजवळ आणला. "नक्की देऊ?"

"हो बाबा, द्या."

कॉल माझ्या फोनमध्ये अजून आहे. अठ्ठेचाळीस सेकंद.

सोमवारी चुलतभावाने पानांचे फोटो पाठवले. ते मोजणीचं नव्हतं. ते कुलमुखत्यारपत्र होतं, घर आणि अंगण विकायचा सगळा अधिकार एका बिल्डरच्या माणसाला देणारं. तिसऱ्या पानावर तसं स्वच्छ लिहिलं होतं. मला ते वाचायला एक मिनिटही लागलं नाही. परीक्षा टाकून मी आले. पुढच्या महिन्यात घर रिकामं करा, अशी नोटीस आली आहे. अंगणात चुन्याच्या रेघा मारून गेलेत, एक रेघ तुझ्या चुलीच्या भिंतीतून जाते.

वकीलबाई चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही नेहमी मुलीकडून वाचून घेता ना? मग त्या दिवशी?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "फोन नाय लागला हिचा." बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, मग आपली बाजू भक्कम आहे. वाचता न येणारा माणूस, वाचून देणारी मुलगी परदेशात, संपर्क नाही, आणि फसवून अंगठा घेतला. फोन लागला असता तर समोरचे म्हणाले असते, शिकलेल्या मुलीला विचारूनच दिलाय की.

रिक्षात मी म्हणाले, "बाबा, फोन लागला होता."

"नाय लागला."

"मी बोलले तुमच्याशी. मीच म्हणाले द्या."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "घर गेलं तर जाऊ दे, बाय. पन गावात कोनी बोलायला नको, पोरीला शिकवलं आनि पोरीनंच घालवलं. तुझ्या आईला ते सोसायचं नाय."

तुझं नाव घेऊन त्यांनी विषय संपवला. आई, काय करू मी? बाबांनी आयुष्यात कधी शपथेवर खोटं सांगितलेलं नाही, उद्या माझ्यासाठी सांगणार आहेत. आणि नियमाप्रमाणे अंगठ्याआधी ते त्यांना मीच वाचून दाखवायचं आहे, माझ्याच तोंडाने, की त्या दिवशी माझ्या मुलीशी संपर्क होऊ शकला नाही. खरं सांगितलं तर घर जाईल आणि बाबा खोटे ठरतील. नाही सांगितलं तर हे घर राहील आणि त्यात मला राहता येणार नाही. रात्रभर विचार करूनही मला यातलं एकही जमत नाही. मैत्रिणींचे मेसेज येतात, मी उघडत नाही. त्यांचा काही दोष नाही, त्यांना माहीतही नाही.

फाटकाचा आवाज आला. बाबा आले असतील. हे पत्र मी घडी करून माझ्या पासपोर्टमध्ये ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? उद्या बाईंनी विचारलं की त्या वेळी तू काय करत होतीस, तर तळ्याकाठी होते एवढंच सांगेन, फोनचं बोलणार नाही. पुढचं फक्त तुला सांगते. बस आम्हाला मिळाली. दुपारपर्यंत मी पाण्यात पाय सोडून बसले होते, फोन पिशवीत होता आणि मला कोणाचंही काहीही वाचायचं नव्हतं. तेव्हा मला बाबांची आठवण आली नाही, तुझीही आली नाही. आई, मला फार बरं वाटत होतं.