कागद उतरवण्याचा अधिकार

रविवार, ता. १६ ऑक्टोबर १९५५

मला आज राज्यपाल करण्यात आले!

पूजा आटोपून उठते तो दारात चार-पाच मुले उभी. पुढे बाबुरावांची कालिंदी — यंदा मॅट्रिकला बसायची आहे, बोलणे वकिलाचे. म्हणाली, "माई, नागरिकशास्त्र नुसतं घोकून डोक्यात शिरत नाही. आम्ही चाळीचं सरकार काढतोय. तुम्ही राज्यपाल."

"मला त्यातले काय कळते, बाई?"

मागून खोताच्या वाडीतला आल्बर्ट: "राज्यपालाला कळावं लागत नाही, माई. सही आली की झालं."

गृहखाते कालिंदीकडे. आल्बर्ट विरोधी पक्षनेता — पक्षात तो एकटाच. मुख्यमंत्र्याचे पद तूर्त रिकामे. मुंबई कुणाची ते दिल्लीत ठरले की पाहू, असे मुलांनी ठरवले आहे.

मी होकार दिला, पण अट घालून. आज्ञा मंत्र्याने लिहावी. सही मी करीन आणि दिनांक माझ्याच हाताने घालीन. कागद जिन्याखाली, नळाशेजारच्या फळ्यावर लावावा. मुदत संपली की तो उतरवण्याचा अधिकार माझा — दुसऱ्या कुणाचा नाही. वडील सांगत, आवाहन केलेल्या देवतेचे विसर्जन झालेच पाहिजे. नाही तर ती घरात तिष्ठत राहते, आणि मग काय करील याचा नेम नाही. आज्ञेचेही तसेच.

मुलांनी गंभीरपणे माना डोलावल्या. आल्बर्टने बाटलीच्या बुचावर शिक्का कोरून आणला आहे. सिंह कोरला म्हणतो, उमटते मांजर.

मंगळवार, ता. १ नोव्हेंबर

पहिली आज्ञा लागली. नळ सहाला येतो, नऊला जातो. तेवढ्यात बावीस बिऱ्हाडांची भांडणे. आता पाळ्या ठरल्या आहेत. शेवटची माझी — नळ धुवून, मोरीत स्नान उरकून, सोवळ्याने देवाचे पाणी घेऊन वर यायचे. नवल हे की सर्वांनी ऐकले! ज्या बायका सासूला जुमानत नाहीत, त्या सोळा वर्षांच्या मुलीच्या कागदाला जुमानतात.

सर्वांत आज्ञाधारक तळमजल्यावरचा धोंडू. मालवणकडचा, भाजीबाजारात हमाली करतो. अक्षरओळख नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारतो, "आज सरकारान काय लिवल्यान हा?" आणि ऐकून घेतल्यावर कागदाला हात जोडतो. कालिंदीने त्याला रोज अर्धा तास शिकवायचे ठरवले आहे. शिक्षणखातेही तिच्याकडेच!

आनंद झाला. पण एक गोष्ट खटकली. हा कागद खरा की खेळातला, हे चाळीत एकानेही विचारले नाही.

शुक्रवार, ता. ४ नोव्हेंबर

मुदत संपलेला कागद कालिंदीने स्वतःच उतरवला. चार लोकांत रागावले तिला. डोळे भरून आले तिचे. पुन्हा हात लावणार नाही म्हणाली.

सोमवार, ता. २१ नोव्हेंबर

फोर्टात मोर्च्यावर गोळी चालली. माणसे मेली — किती, ते प्रत्येकजण वेगळे सांगतो. सगळी चाळ गॅलरीत उभी आहे आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. माळ हातात घेतली. मणी मोजले, नाम घेतलेच नाही.

मंगळवार, ता. २२ नोव्हेंबर

दुपारी गच्चीवर मुलांची बैठक. आल्बर्ट उठला.

"माननीय गृहमंत्र्यांनी सांगावं — काल गोळी झाडायचा हुकूम कुणी दिला? लेखी होता का?"

कालिंदी: "सभागृहाला माहिती नंतर देण्यात येईल."

"नंतर म्हणजे केव्हा? मेलेले उठल्यावर?"

कुणी हसले नाही. मग त्याने नेहमीचे सुरू केले, "राजीनामा! राजीनामा!" हे तो प्रत्येक बैठकीत ओरडतो, नळ गळला तरी गृहमंत्र्यांचा राजीनामा मागतो. आज ओरडताना त्याचा आवाज मध्येच फुटला.

कालिंदी माझ्याकडे वळली. "माई, हुकूम कुणी दिलाच नसेल तर? आपोआपच झालं असेल तर?"

राजधर्माचे अध्याय मी वडिलांच्या मांडीशी बसून पाठ केले आहेत. उत्तर शोधावे लागले नाही. म्हटले, "ज्याला थांबवता येत होते आणि ज्याने थांबवले नाही, त्यानेच तो दिला असे धरावे."

मुलांनी हा निर्णय वहीत उतरवून घेतला. मी सही केली. दिनांक घातला.

रविवार, ता. ११ डिसेंबर

धोंडू वाचू लागला! फळ्यापुढे उभा राहून, बोट न टेकवता, एकेक अक्षर जोडत सगळा कागद वाचला — खालच्या माझ्या नावासकट. "माई, माका वाचूक येता! आता कोणाक विचारूक नको." त्याची राधा दारात तान्ही मुलगी कडेवर घेऊन उभी होती, लाजून आत पळाली. मी सोवळ्यात होते, म्हणून त्याच्या हातावर साखर वरूनच सोडली. एक कण खाली पडला, तोही त्याने वेचून तोंडात टाकला.

बुधवार, ता. २१ डिसेंबर

उद्यापासून दत्तजयंतीचे पारायण बसते. सात दिवस आसनावरून उठणे नाही, बोलणे नाही. कालिंदी सहीसाठी अडेल, म्हणून तिला दहा कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या.

ती बिचकली. "कोऱ्यावर, माई? आणि दिनांक?"

"तू आहेस ना शहाणी."

वडील असते तर त्यांनी हात धरला असता. सही करताना प्रत्येक कागद आदल्यापेक्षा पांढरा दिसत होता. पण पारायण महत्त्वाचे. आल्बर्टने दहाही कागदांवर मांजर उमटवले.

मंगळवार, ता. १७ जानेवारी १९५६

मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवणार, असे काल रेडिओवर सांगितले. आज गिरगाव पेटले आहे. रस्त्यात दगड, काचा, जळकी चाके. दुपारी गॅलरीत अश्रुधूर आला. बायका कांदे फोडून मुलांच्या नाकाशी धरीत होत्या. गाडीवरचा कर्णा ओरडत गेला — संचारबंदी! रस्त्यावर दिसेल त्याला गोळी.

कालिंदी बाबुरावांच्या रेडिओपाशी बसून आहे. सवलतीची वेळ कळली की लिहून फळ्यावर लावते. उरलेले कोरे कागद आता कामी येत आहेत. खाली चाळीतले बाप्ये फळ्यापुढे उभे राहतात आणि तिने मान हलवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. खेळ राहिला नाही हा! मी तिला दिनांक घालायला सांगणार होते. गडबडीत राहिले.

बुधवार, ता. १८ जानेवारी

शहर शांत व्हावे म्हणून व्रत धरले. पहाटेपासून नैवेद्य होईपर्यंत मौन, अकरा माळा. म्हातारीच्या हातात दुसरे काय आहे?

गुरुवार, ता. १९ जानेवारी

फळ्यावर: "आज सकाळी नऊ ते अकरा सवलत. दूध, धान्य, औषध यांसाठीच बाहेर पडावे." माणसे गेली, भराभर परतली. पण सवलत संपता संपता नाक्यावर दगडफेक झाली. गोळीचे आवाज आले. कावळे उठले ते बराच वेळ बसेनात.

शुक्रवार, ता. २० जानेवारी

धोंडू गेला.

आज सवलत नव्हती. फळ्यावर कालचाच कागद राहिला होता. सही होती, शिक्का होता, दिनांक नव्हता. धोंडूने तो वाचला. मुलीला काल संध्याकाळपासून दूध नव्हते, म्हणून दोन रिकाम्या बाटल्या घेऊन नऊच्या सुमारास दूधकेंद्राकडे निघाला. नाक्यापर्यंतही पोचला नाही. दोन आवाज झाले. पहिल्या आवाजाला सगळ्या चाळीने दारे लावली.

मी देवापाशी होते. काही पाहिले नाही, काही ऐकले नाही. कागद कुणी काढला नाही — गडबडच तशी होती. ईश्वरेच्छा.

शनिवार, ता. २१ जानेवारी

राधा रडत नाही. फळ्यापुढे बसून आहे.

बुधवार, ता. २५ जानेवारी

संचारबंदी उठली. आज गच्चीवर मुलांची बैठक नव्हती, पण सगळी चाळ जमली. नळावर पाच दिवस एकच बोलणे चालले आहे: पोरीच्या खेळाने माणूस खाल्ला. बाबुराव मान खाली घालून कोपऱ्यात. परवा ते कालिंदीला बोटीने मामाकडे विजयदुर्गला धाडणार आहेत. परीक्षा नाही, शाळा नाही. "माझी मुलगी आता कागद लिहिणार नाही," म्हणाले.

राधा पुढे आली. आवाज चढवला नाही. "माका येकच सांगा. तो कागद कोणी काढूचो होतो?"

कालिंदीने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही — डोळ्याचे पाते लवायला लागतो तेवढाच. मग राधेकडे वळून म्हणाली, "मी. माझी चूक झाली, वहिनी."

आल्बर्ट उसळून उठला. "खोटं! नियम तसा नाहीये. तुला हात लावायचा—"

"खाली बस, आल्बर्ट."

"अगं पण अधिकार—"

"बस म्हणते ना!"

तो बसला. तिने राजीनामा लिहूनच आणला होता, माझ्यापुढे धरला. आजवर ज्याने शंभरदा तो मागितला असेल, तोच मुलगा ओक्साबोक्शी रडत म्हणत होता, "स्वीकारू नका, माई. माई, बोला ना काहीतरी."

मी सही केली. दिनांक घातला, स्वच्छ अक्षरात.

तिने माझ्याकडे तसे का पाहिले, कळत नाही.

शुक्रवार, ता. २७ जानेवारी

कालिंदी निघण्यापूर्वी नमस्काराला आली. बोट सुटली असेल.

२० तारखेचे पान खोटे आहे.

त्या सकाळी आठला ती माझ्या दारात आली होती. "माई, आज सवलत नाही. कागद उतरवा तेवढा." मी होकाराची मान हलवली. खाली गेले, नळ जाईल म्हणून आधी स्नान उरकले. कळशी घेऊन मोरीतून बाहेर आले तो फळ्यापुढे धोंडू, बाटल्या काखेत. आता मी सोवळ्यात. कागदाला हात कसा लावू? त्याने मला विचारले, "नव ते अकरा. बरोबर वाचलंय ना, माई?"

मला मौन होते.

माझे सोवळे मोडू नये म्हणून तो अंग चोरून भिंतीला चिकटून उभा राहिला. मी त्याच्यासमोरून जिना चढले.

तोंड उघडले असते तर व्रत मोडले असते. हात लावला असता तर पुन्हा स्नान करावे लागले असते — आणि नळ नुकताच गेला होता.